पोलीस केस घेतली जात नाही

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी सांगायला नको, डोंबिवली पश्चिमेतली चार माणसं सांगतील. कोपरच्या गणेश मंडळाचा फलक, बालवाडीचं नाव, मासळीबाजारातलं 'येथे थुंकू नये', सगळं माझ्या हातचं. पोट भरत होतो ते मात्र डॉक्टर श्रीपाद खांबेट्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून. मिक्श्चरच्या बाटल्या भरायच्या, त्यांच्यावर डोसाच्या खुणेची, दाते कापलेली कागदी पट्टी चिकटवायची, पुड्या बांधायच्या, आणि 'दुधाबरोबर घ्यायचं की पाण्याबरोबर' या प्रश्नाला दिवसातून चाळीस वेळा उत्तर द्यायचं.

लोक मासळीबाजारात थुंकायचे ते थुंकतच राहिले. माझ्या हातची एकच पाटी कोणीतरी नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली आणि तिच्याप्रमाणे वागलं. त्या पाटीपायी दामाजी गेला असं मला वाटतं. त्याची बायको जनी हिला वाटतं, आपण ती पाटी वाचली म्हणून तो गेला. डॉक्टरांना काय वाटतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

दामाजी कोळ्याचा. पण खाडीत मासळी कुठे राहिली होती? वर मोहन्याच्या कारखान्यांपासून इकडे सगळ्यांनी आपापलं पाणी तिच्यात सोडलेलं. त्यामुळे तो रेतीच्या होडीवर डुबी मारायला जायचा. बांबू रोवायचा, त्याला धरून तळाशी जायचं, बादली रेतीने भरायची आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. हे सकाळपासून भरती येईपर्यंत. संध्याकाळी कान ठणकायचे, गुडघे धरायचे, अंगातली थंडी जायची नाही. आधी सगळेच दारू प्यायचे. मग चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला रेतीच्या बंदरावर कोणीतरी गर्द आणला. कागदी पुडी, चांदीची पन्नी, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. दुखणं जागच्या जागी बंद व्हायचं, म्हणे. दामाजी काही उनाड पोर नव्हता. सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, एक मुलगी असलेला माणूस होता. अंग दुखतं म्हणून त्याने पहिल्यांदा ओढला आणि पुढे अंग दुखायचं थांबलं तरी सुटला नाही.

एका दुपारी त्याचा जोडीदार मोरू त्याला पाठीवर टाकून आमच्या मागच्या दाराने घेऊन आला. दवाखान्यामागे गटाराला लागून एक बोळ होता, तिथलं ते दार. दामाजीचे ओठ जांभळे पडले होते आणि श्वास असा येत होता की दोन श्वासांमध्ये आपण देवाचं नाव घ्यावं. डॉक्टरांचा एक वर्गमित्र ठाण्याला भूलतज्ज्ञ होता. त्याच्याकडून त्यांनी उताऱ्याच्या इंजेक्शनचे काही अँप्युल आणून ठेवले होते. कॉफीच्या रिकाम्या डब्यात कापसावर ठेवलेले असायचे, लोखंडी कपाटात. त्यांनी शीर शोधली, सुई दिली. दोन मिनिटांत दामाजी उठून बसला आणि त्याने डॉक्टरांना आईवरून शिवी घातली, कारण त्याची सगळी नशा उतरली होती. डॉक्टर हसले. मला म्हणाले, गोपीनाथ, आता तीन तास याच्याजवळ बसायचं, कुशीवर ठेवायचं आणि झोपू द्यायचं नाही. उतारा लवकर संपतो, गर्द उशिरा संपतो.

तीन तास मी त्याच्या दंडाला चिमटे काढत बसलो. मनापासून काढले. त्याच महिन्यात माझी सायकल दवाखान्याच्या दारातून गेली होती आणि ती गर्दुल्ल्यांशिवाय दुसरं कोण नेणार? मला ही माणसं आवडायची नाहीत. आजही आवडत नाहीत, खोटं कशाला बोलू.

नियमाप्रमाणे अशा माणसाचा केसपेपर करायचा आणि पोलिसांना कळवायचं. डॉक्टर दोन्ही करायचे नाहीत. ते म्हणायचे, वाचला तर केस कसली, आणि मेला तर लिहिणारच आहे. दोन वर्षांत त्या मागच्या दाराने सात जण आले, काही दोनदा आले. त्यांतला एकही मेला नाही. दामाजीलाच त्यांनी दोनदा उठवला. घरी त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. बायकांना ते दार माहीतच नव्हतं. त्या मुलांचा खोकला घेऊन पुढच्या दाराने यायच्या आणि बाकावर बसायच्या.

शुद्धीवर आलेल्या प्रत्येकाला डॉक्टर तीन गोष्टी घोकून घ्यायला लावायचे. एकट्याने ओढायचा नाही. दारूवर ओढायचा नाही. आणि आतून सुटून आलास, किंवा कुठे महिना-दोन महिने सोडून राहिलास, तर पहिल्या दिवशी जुन्या मापाच्या चौथाईच. शरीर विसरलेलं असतं, तुमचा हात विसरलेला नसतो, असं ते म्हणायचे. ही तिसरी गोष्ट ऐकली की माझं डोकं फिरायचं. बाळंतिणीला खाण्यापिण्याचं सांगावं तसं हे गर्दुल्ल्यांना माप सांगत होते. सोडा म्हणायचं सोडून!

एकदा मी त्यांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "सोड म्हणून मीही सांगतो. पण सोडायला माणूस जिवंत लागतो."

हे मला पटलं नाही आणि मी ते मधुभाऊंना सांगितलं. मधुभाऊ करंदीकर म्हणजे मंत्रालयातून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा शर्ट, कॉलनीत शब्दाला मान. त्यांनी व्यसनविरोधी नागरिक समिती काढली होती आणि तिचे फलक मीच रंगवत होतो. फलक वाळेपर्यंत आम्ही गप्पा मारत बसलो होतो. मी चहाड्या केल्या असं मला तेव्हा वाटलं नाही, आपण काळजीने बोलतोय असंच वाटलं. पंधरा दिवसांत समितीचा अर्ज पोलिसांत गेला. शुद्ध मराठीत टाईप केलेला, खाली चाळीस सह्या. सदर डॉक्टर गर्द कसा घ्यावा याचं शिक्षण देतात.

डॉक्टरांना बोलावणं आलं. सकाळी दहाला गेले आणि दोनला आले. चार तास त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं, एका पाकीटमाराशेजारी. फौजदार शेवटी अगदी अदबीने बोलला म्हणे. कायदा नवा आहे डॉक्टर, दहा-दहा वर्षांची कलमं आहेत, तुमच्यासारख्या माणसावर लावायची आम्हाला बरी वाटतील का? डॉक्टर आले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मला म्हणाले, "एक पाटी लिहून टाक. सगळे लावतात तीच."

त्यांना पुठ्ठ्यावर चार शब्द हवे होते. मी दीड हाताची प्लायवूडची फळी आणली. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, लाल अक्षरं काढली, अक्षरांना काळी सावली दिली. 'पोलीस केस घेतली जात नाही.' दोन संध्याकाळी त्यात गेल्या. माझ्या मनासारखं काहीतरी होत होतं, मग हात राखून का ठेवू? पुढच्या दारावर ठोकली तेव्हा डॉक्टर रस्त्यावर जाऊन बघून आले. म्हणाले, एवढी मोठी? मग म्हणाले, "असू दे. पोलिसांना लांबून दिसेल. पोरांना मागचं दार ठाऊक आहे."

पण पोरं राहिली कुठे होती? त्याच महिन्यात बंदरावर धाडी पडल्या. मोरूकडे विकायच्या पुड्या सापडल्या, तो मोठ्या कलमाखाली आत गेला. दामाजीच्या करगोट्याला एक पुडी सापडली. घर पोलिसांना कोणी दाखवलं, तर त्याच्या आईने, चंद्रभागेने. समितीच्या बाया तिला येऊन समजावून गेल्या होत्या की आत राहिला तर सुटेल, बाहेर राहिला तर मरेल. तिने स्वतः दाराशी उभं राहून बोट केलं. दामाजी तुरुंगात गेला, ठाण्याला. खटला, तारखा, शिक्षा मिळून दहा महिने आत राहिला.

आणि सुटला ते बघण्यासारखा होऊन सुटला. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो बायकोमुलीसकट दवाखान्यात आला. मुलीला, लक्ष्मीला, खोकला होता. पुढच्या दाराने आला, पाटीखालून. गाल भरलेले, डोळे स्वच्छ. डॉक्टरांच्या पाया पडला. आत मधुभाऊ रक्तदाब मोजून घेत बसले होते. त्यांनी कौतुकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, पाहिलंत? डॉक्टरांनी दामाजीची नाडी धरली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मधुभाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लक्ष्मीची बाटली भरत होतो. कोणतं वाक्य त्यांच्या घशात अडकलंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

"बरा दिसतोस," डॉक्टर म्हणाले. "तब्येत सांभाळ."

आणि मला समाधान वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते वाटलं. शेवटी डॉक्टरांना कळलं, असं वाटलं.

त्यानंतरचा तिसरा शुक्रवार. डोंबिवलीत शुक्रवारी वीज नसायची, त्यामुळे सकाळचे पेशंट भराभरा उरकून डॉक्टर मागच्या खोलीत वाऱ्याला जेवायला बसले होते. साडेबारा झाले असतील. पुढचं दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. मी माझ्या खिडकीशी बसून बाटल्यांच्या पट्ट्या कापत होतो. पंखा बंद, रस्ता सामसूम, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. हातगाडीची चाकं वाजली आणि थांबली. बायकांचं काहीतरी बोलणं झालं. मग एका बाईचा आवाज आला, शाळेत धडा वाचतात तसा, एकेक शब्द सुटा करून, पण न अडखळता.

"पोलीस. केस. घेतली. जात. नाही."

मी कात्री थांबवली. कोणीतरी माझी पाटी मोठ्याने वाचत होतं. माझ्या मनात आलेली गोष्ट सांगतो. मनात आलं, अक्षर असं असावं, की नवशिकी बाईसुद्धा धडाधड वाचते. मी खूश झालो. पुन्हा थोडी बोलाचाली झाली, एक आवाज चढला, मग हातगाडी वळली आणि चाकं वाजत दूर गेली. मी पट्टी कापून पुरी केली, मगच दार उघडून पाहिलं. रस्त्यात कोणी नव्हतं.

काय झालं होतं ते संध्याकाळी कळलं. दामाजी सकाळी बंदरावर कामाला गेला होता. दहा महिने पाण्याबाहेर राहिलेल्या माणसाला डुबीला कोण घेणार? दम पुरणार नाही, महिनाभराने ये, म्हणाले. तिथल्याच कोणी जुन्या ओळखीने, दया म्हणून, पुडी दिली. त्याने आपलं जुनं माप घेतलं. घरी येऊन आडवा झाला आणि विचित्र घोरायला लागला. चंद्रभागा दारात जाळं सांधत होती. तिला घोरणं ऐकून कळलं. सासूसुनांनी मिळून त्याला मासळीच्या हातगाडीवर घातला आणि जवळचा दवाखाना म्हणून आमच्याकडे आणला.

चंद्रभागा म्हणत होती, आत चल, डॉक्टरचे पाय धरू. जनी सातवी पास. त्या घरात वाचता येणारी ती पहिली. तिने वर पाहिलं, बोट धरून पाटी वाचली, सासूला वाचून दाखवली. ही पोलीस केस आहे हे तिला कळत होतं. इथे घेत नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं होतं. विनवण्यांत वेळ घालवण्यापेक्षा सरळ सरकारी दवाखान्यात न्यावं, असा तिने विचार केला. त्यात काय चुकलं? माझी बहीण असती तर तिनेही हेच केलं असतं. रिक्षावाले थांबेनात, म्हणून दोघींनी भर उन्हात गाडी ढकलत नेली. पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दामाजी पाण्याखाली मोजून दोन मिनिटं श्वास धरायचा. आमच्या दारापासून ते कॉफीच्या डब्यापर्यंत मी नंतर पावलं मोजली. चौदा भरली.

मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, मागच्या दाराने का नाही आले? मी म्हणालो, मागचं दार मोरूला ठाऊक, तो आत आहे. त्यांनी लोखंडी कपाटाला कुलूप लावलं. मग म्हणाले, "पाटी पोलिसांसाठी होती रे." पोलीस त्या पाटीखालून महिन्यातून दोनदा जायचे. तोवर त्यांनी कधी मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही.

पुढे दोन ऑक्टोबरला समितीचा कार्यक्रम झाला. मधुभाऊंनी भाषणात दामाजीचं उदाहरण दिलं. कायद्याने त्याला संधी दिली होती, त्याने ती घेतली नाही, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मग सहकार्याबद्दल डॉक्टर श्रीपाद खांबेटे यांना शाल आणि नारळ. डॉक्टरांनी सत्कार घेतला. त्या कार्यक्रमाचा फलकही माझ्याच हातचा होता.

पण हे ऑक्टोबरचं. त्याआधी, दामाजीला जाऊन दीड महिना झाला असेल तेव्हा, जनी आली. एकटीच. दारात थांबली, वर बघून ओठ हलवले, मग आत आली. बाकावर बसली नाही. माझ्या खिडकीशी उभी राहिली.

"दादा, ही पाटी तुमी लिवलेली ना?"

मी हो म्हणालो.

"मीनी वाचलं ते बरोबर व्हतं ना? आय रोज बोलते, तुज्या शिकण्यानं माजा पोर गेला. भांडी घासताना बोलते, जेवताना बोलते." तिने खिडकीची चौकट धरली होती. "आत आलो असतो तर काय उपेग व्हता का? खरं सांगा."

डॉक्टर पडद्याआड लिहीत होते. लेखणीचा आवाज थांबला.

खरं सांगितलं असतं तर या बाईचं काय झालं असतं? आणि डॉक्टरांचं? आणि माझं? मी तिघांचा विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी घाबरलो होतो, एवढंच. मी म्हणालो, तू बरोबर वाचलंस. आत येऊन काही उपयोग नव्हता. असलं औषध साध्या दवाखान्यात नसतंच.

तिने श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं ते मला दिसलं, आणि मला वाटलं, चला, एक पुण्य झालं. मग ती म्हणाली, एवढं आयला येऊन सांगा. माझं ती ऐकणार नाही, तुमी दवाखान्यातले, तुमचं ऐकेल. पडद्याआड लेखणी पुन्हा चालू झाली. मी रविवारी येतो म्हणालो.

रविवारी गेलो. चंद्रभागा दारातच पाय पसरून बसली होती, अंगठ्यात जाळं अडकवून. जनी आत चुलीशी होती. लक्ष्मी अंगणात वाळत घातलेला जवळा राखत होती. मी तांब्यातलं पाणी प्यालो, घसा साफ केला आणि वाटेत जुळवलेलं बोललो. सुनेला बोल लावू नका, तिने लिहिलेलं तेच वाचलं, आमच्याकडे आणून काही फायदा नव्हता, आमच्याकडे ते औषधच नसतं.

तिची सुई चालू होती. वर न बघता तिने विचारलं, "मंग दोन डाव कोनी उठवला?"

मी रिकामा तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

"मोरू जामिनावर आलाय," ती म्हणाली. "परवा येऊन रडून गेला. मागच्या दारानं नेला, बोलला. डाक्टरनं सुई मारली नि पोर उठून बसला. दोन डाव. तू बसला व्हतास ना त्याच्यापाशी, चिमटे काढत?" मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मना वाचता येत नाय. मी बोलत व्हते, आत चल, पाय धरू. ही बोलली, आय, लिवलंय."

चुलीशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. जनी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. सासूने हे तिला सांगितलं नव्हतं. बोल लावले होते, शिव्या दिल्या होत्या, पण आत औषध होतं हे गिळून ठेवलं होतं, कदाचित तेवढी दया तिच्यात होती. मी खोटं बोलून तेही बाहेर काढलं. जनी माझ्याकडे बघत राहिली. तिला फसवल्याचा राग असावा म्हणून मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो. राग नव्हता. ती हिशेब लावत होती, हातगाडी वळवली तिथपासून आतल्या औषधापर्यंतचा.

"दादा, चा घेता?" ती म्हणाली.

चंद्रभागेने सुनेच्या वाचण्याचं नाव घेतलं, पण पोलिसांना घर दाखवणारं बोट तिचं स्वतःचं होतं. त्याबद्दल ती एकदाही बोलली नाही. मीही मधुभाऊंशी काय बोललो होतो ते तिथे बोललो नाही. आम्हा सगळ्यांना मिळून एक सातवी शिकलेली बाई सापडली होती.

जूनमध्ये लक्ष्मीला शाळेत घालायचं होतं. घातलं नाही. मी ठरवून चौकशी केली, सासूने आडकाठी केली असेल तर मधुभाऊंना सांगून काही करता येईल म्हणून. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, आजी काहीच बोलली नाही. आईच नको म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी डॉक्टर यायच्या आत मी शिडी लावली आणि पाटीवर पांढऱ्या रंगाचा हात मारला. लाल रंग आतून दिसत राहिला, म्हणून दुसरा मारला. दारावर कोरी फळी राहिली. डॉक्टरांनी येताना पाहिली. तसेच आत जाऊन पेशंट तपासायला लागले. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या आठवड्यात ते पूर्वेच्या एका पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेऊन आले. निळ्यावर पांढरी अक्षरं, तेच चार-पाच शब्द. फौजदाराच्या आईचं पथ्य-औषध आमच्याकडे चालू होतं, तो दर गुरुवारी यायचा, त्याने विचारलं होतं म्हणे, पाटीचं काय झालं. डॉक्टरांनी पाटी आणि हातोडी माझ्यापुढे ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मला दोन मुली होत्या, दुसरी नोकरी नव्हती, आणि धाडस तर कधीच नव्हतं. मी ठोकली. पेंटरचं अक्षर अगदीच बेताचं होतं. पण वाचता येत होतं.

कॉफीच्या डब्यातले दोन अँप्युल नव्वद साली मुदत संपली म्हणून मी गटारात फेकले. मागचं दार उंदीर येतात म्हणून विटा लावून बंद केलं. बंदरावरची पोरं मरत राहिली, कधी घरात, कधी पुलाखाली, एकदा आमच्या समोरच्या ओट्यावर. त्याचा केसपेपर नव्हता, त्यामुळे आमच्याकडे त्याची काही नोंद नाही.

शहाण्णवच्या पावसाळ्यात, दुपारीच, पुढचं दार धाडकन उघडलं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी म्हातारीला जवळजवळ पाठीवर घेऊन आत शिरली. चंद्रभागा होती, तापाने फणफणलेली, गुडघ्याला जखम, होडीवरून पडून झालेली. पट्टीतून रक्त येत होतं. बाकावरचे एक गृहस्थ दचकून म्हणाले, अगं, मारामारीचं वगैरे असेल तर इथे घेत नाहीत. बाहेर पाटी आहे, वाचली नाहीस का?

"मना वाचता नाय येत," लक्ष्मी म्हणाली.

लाजून नाही म्हणाली. जरा मान वर करूनच म्हणाली, जसं कोणी म्हणेल की मला पोहता येतं. आणि आजीला तशीच उचलून सरळ पडद्याआड डॉक्टरांपाशी घेऊन गेली.

मी उठलो आणि कापूस काढायला घेतला.